क्रोशाची प्रवाळभित्ती

लोकर, सुती दोरा, जुन्या व्हिडिओ कॅसेटमधली फीत आणि कापून लांब केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या यांपासून क्रोशाच्या सुईने विणलेली एक प्रवाळभित्ती गेली वीस वर्षे जगभरच्या संग्रहालयांतून वाढते आहे. ‘क्रोशे कोरल रीफ’ या नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी २००५ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात, आपल्या घराच्या दिवाणखान्यात सुरू केला. मार्गारेट विज्ञानलेखिका, तिचे शिक्षण भौतिकशास्त्र आणि गणिताचे. क्रिस्टीन कवयित्री आणि कलावंत. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये तिने अध्यापन केले. विज्ञान आणि गणितातले सौंदर्य सामान्य माणसापर्यंत नेण्यासाठी दोघींनी २००३ मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर फिगरिंग’ ही छोटी संस्था काढली होती. विणकामाचा हा पसारा त्या संस्थेचाच.

दोघी मूळच्या ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यातल्या. याच राज्याच्या किनाऱ्याला समांतर सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची ग्रेट बॅरिअर रीफ पसरली आहे. ही सलग भिंत नव्हे, तर जवळजवळ तीन हजार लहानमोठ्या प्रवाळभित्तींची माळ आहे. १९९८ आणि २००२ मध्ये तिच्यावरचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, आणि माहेरच्या या समुद्राची काळजी हेच विणकामाचे निमित्त ठरले.

प्रवाळ दिसायला झुडपासारखा, हाताला दगडासारखा, पण असतो तो प्राणी. पॉलिप नावाचे बारीक, पिशवीसारखे जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि आपल्या बुडाखाली कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचत जातात. जुन्या सांगाड्यावर नवी पिढी, असे हजारो वर्षे चालले की भित्ती उभी राहते. दागिन्यात जडवतात ते लाल पोवळे प्रवाळांच्याच मोठ्या कुळातले असले, तरी ते मुख्यतः भूमध्य समुद्रातले. भित्ती बांधणारे प्रवाळ वेगळे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला अशी प्रचंड भित्ती नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळांच्या विखुरलेल्या वसाहती आहेत, आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रे घराण्याचे नाव मिरवणारा ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला उंचवटा प्रवाळांनी समृद्ध आहे. भारतातल्या खऱ्या प्रवाळभित्ती कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे आहेत. जगाचा हिशेब केला तर समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत प्रवाळभित्ती आहेत, पण ज्ञात सागरी जातींपैकी सुमारे पाव हिस्सा आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आश्रयाला येतो.

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा पॉलिपला देते. प्रवाळाचा रंगही बराचसा त्याच्यामुळेच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो आणि पारदर्शक त्वचेखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. विरंजन म्हणजे लगेच मृत्यू नव्हे. पाणी वेळेत निवले तर शैवाल परत येते आणि प्रवाळ सावरतो. पण उष्ण वर्षे एकामागून एक येऊ लागली, तर सावरायला उसंतच मिळत नाही. ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ अशी विरंजनाची वर्षे नोंदली गेली आहेत. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून पाण्याची अल्कता घटते, आणि सांगाडा रचण्याचे कामही जड होते.

एवढे सगळे सांगायला भित्तिपत्रक किंवा माहितीपट पुरला असता. विणकामच का, याचे उत्तर भूमितीत आहे, आणि या उपक्रमातला सर्वांत अस्सल भागही तोच आहे.

शाळेतली भूमिती युक्लिडची. तिच्यात एक गृहीतक असे की, दिलेल्या रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला समांतर अशी एकच रेषा काढता येते. इतर गृहीतकांवरून हे सिद्ध करण्याचा खटाटोप गणितज्ञांनी दोन हजार वर्षे केला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हंगेरीचा यानोश बोल्याई आणि रशियाचा निकोलाय लोबाचेव्हस्की यांनी स्वतंत्रपणे दाखवले की हे गृहीतक बाजूला ठेवूनही सुसंगत भूमिती उभी राहते. तिच्यात एका बिंदूतून कितीही समांतर रेषा जातात आणि त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते. हीच हायपरबोलिक किंवा अपास्तीय भूमिती. गणितज्ञ गाउसही याच निष्कर्षावर पोहोचला होता, पण त्याने ते छापले नाही. कागदावर सूत्रे मांडता येत होती. असे प्रतल हातात कसे धरायचे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. अमेरिकन गणितज्ञ विल्यम थर्स्टन याने १९७० च्या दशकात कागदाच्या गोलाकार पट्ट्या एकमेकींना चिकटवून एक नमुना सुचवला. तो चाले, पण जरा जोरात हाताळला की फाटे.

क्रोशाचा गोल रुमाल विणणाऱ्या बाईला या प्रश्नाची दुसरी बाजू बोटांनी ठाऊक असते. मधल्या कड्यात सहा मुके खांब घातले, तर पुढच्या प्रत्येक फेरीत सहाच वाढवायचे: बारा, अठरा, चोवीस. हे प्रमाण राखले तर रुमाल टेबलावर सपाट बसतो. वाढ कमी पडली की कडा वर उचलल्या जाऊन त्याची टोपी होते. वाढ जास्त झाली की कडेला जागा पुरत नाही, ती वरखाली वळू लागते आणि झालर पडते. सपाट रुमाल ही युक्लिडची भूमिती, टोपी ही गोलाच्या पृष्ठभागाची, आणि झालर ही अपास्तीय. रुमाल विणताना झालर ही चूक समजून उसवली जाते. डाइना टाइमिनाने ती उसवली नाही, मुद्दाम वाढवली.

टाइमिना ही लॅटव्हियातून अमेरिकेत आलेली, कॉर्नेल विद्यापीठात अध्यापन केलेली गणितज्ञ. क्रोशा ती लहानपणीच शिकली होती. तिचा नवरा डेव्हिड हेंडरसन हाही गणितज्ञ होता. त्याच्याकडचा कागदी नमुना तिने पाहिला आणि १९९७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी टिकाऊ पर्याय करायचे ठरवले. आधी तिने दोन सुयांचे विणकाम करून पाहिले. त्यात अडचण अशी की चालू ओळीतली सगळी घरे सुईवर धरावी लागतात, आणि इथे तर ओळीगणिक घरे वाढतच जाणार. क्रोशात सुईवर एका वेळी साधारण एकच घर उघडे असते. बाकीचे टाके आपापल्या जागी बंद झालेले असतात. त्यामुळे काठ कितीही लांबला तरी हाताशी काम तेवढेच राहते. नियमही एका वाक्यात सांगता येतो: दर ठरावीक टाक्यांनंतर एकाच घरात दोन खांब घाला आणि हे प्रमाण शेवटपर्यंत बदलू नका.

प्रमाण काय धरले यावर तुकड्याचे रूप ठरते. वीस टाक्यांनी सुरुवात केली आणि दर पाच टाक्यांमागे एक वाढवला, तर पहिल्या ओळीत चोवीस होतात आणि विसाव्या ओळीपर्यंत साडेसातशेच्या वर जातात. प्रत्येकच टाक्यात वाढ केली तर संख्या दर ओळीला दुप्पट होते. दहाव्या ओळीत वीस हजारांच्या वर आणि विसाव्या ओळीत दोन कोटींच्या पुढे. कोणाचेही हात आणि कोणाचीही लोकर तिथे थकणारच. म्हणून दाट झालरीचा तुकडा नारळाएवढा झाला तरी त्याच्या शेवटच्या एका ओळीला तास न् तास लागतात. घातांकी वाढ म्हणजे काय, हे आलेखापेक्षा अशा ओळीत लवकर कळते.

या तुकड्यावर गणितही करता येते. तो दुमडला की घडीची रेघ ही त्या पृष्ठभागावरची सरळ रेषा होते. ती रंगीत धाग्याने टिपायची; मग तिच्याबाहेरचा एक बिंदू धरून त्यातून जाणाऱ्या तीन-चार घड्या घालायच्या आणि त्याही टिपायच्या. यांतली कोणतीही रेघ पहिलीला छेदत नाही, हे डोळ्यांना दिसते आणि बोटांना लागते. एक खुलासा मात्र करायला हवा. विणलेला तुकडा म्हणजे संपूर्ण अपास्तीय प्रतल नव्हे. तसे अखंड, गुळगुळीत प्रतल आपल्या त्रिमितीय अवकाशात बसूच शकत नाही, हे गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्टने १९०१ मध्ये सिद्ध केले होते. क्रोशात हाती येतो तो त्याचा एक भाग. टाइमिनाच्या या विषयावरच्या पुस्तकाला आधी वर्षातल्या सर्वांत विचित्र शीर्षकाचा डायग्रॅम पुरस्कार मिळाला आणि नंतर २०१२ मध्ये गणितविषयक लेखनाचा ऑइलर पुरस्कार. दोन्ही रास्तच.

निसर्गाने ही भूमिती कोणाला न विचारता वापरली आहे. समुद्री गोगलगायींच्या कडा, केल्प शैवालाची पाती, लेट्यूसची पाने, कोंबड्याचे फूल आणि अनेक प्रवाळ व स्पंज झालरीचेच आहेत. कारण व्यवहारी आहे. एका जागी खिळलेल्या जीवाला पाण्यातून अन्न गाळायचे असते आणि अंगातल्या शैवालासाठी प्रकाश गोळा करायचा असतो. थोड्या जागेत जास्तीत जास्त पृष्ठभाग मावला तर त्याचा फायदा होतो. काठाकडची वाढ मधल्यापेक्षा वेगाने झाली की झालर आपोआप येते. म्हणजे क्रोशाचा तुकडा प्रवाळासारखा दिसतो तो योगायोगाने किंवा विणणारीच्या कल्पनेने नाही. दोघांच्या वाढीचा नियम एकाच जातीचा आहे. बाकी हस्तकलांमध्ये मासा किंवा शिंपला ही नक्कल असते. इथे नक्कल करावी लागत नाही, आणि या उपक्रमाचे वेगळेपण त्यातच आहे.

वर्थाइम भगिनींनी सुरुवात टाइमिनाच्या काटेकोर नियमानेच केली. काही काळाने त्यांच्या लक्षात आले की नियम तंतोतंत पाळलेले तुकडे फार नेमस्त होतात. गणित म्हणून देखणे, पण जिवंत वाटत नाहीत. वाढीचे प्रमाण मध्येच बदलले, एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ ठेवले, धागा बदलला, की तुकड्यात जीव येतो. तेव्हापासून मूळ नियम सर्वांना सांगायचा आणि तो हवा तसा वाकवायची मोकळीक द्यायची, अशी रीत पडली. नळ्या, शेवाळे, समुद्रफुले, मेंदूसारखे वळीदार गोळे असे शेकडो प्रकार या मोकळिकीतून निघाले. एकीने काढलेला प्रकार दुसरीने उचलायचा, त्यात आपली भर घालायची, असे चालत गेल्याने आकारांचा एक वंशवृक्षच तयार झाला.

हे काम पहिल्यांदा २००७ मध्ये पिट्सबर्गच्या अँडी वॉरहॉल संग्रहालयात मांडले गेले. त्याच वर्षी शिकागोत ते नेताना तिथल्या बायकांनी स्वतःचीही एक भित्ती विणली आणि ‘सॅटेलाइट रीफ’, म्हणजे उपभित्ती, ही पद्धत सुरू झाली. एखाद्या शहरातले संग्रहालय, विद्यापीठ किंवा मंडळ आवाहन करते, शिकवण्या घेते. लोक घरी किंवा एकत्र बसून विणतात. तुकडे गोळा होतात आणि मग त्यांची मांडणी होते. अशा पन्नासहून अधिक उपभित्ती आजवर झाल्या आहेत. न्यूयॉर्क, लंडन, सिडनी, डब्लिन, रिगा, अबू धाबी ही त्यांतली काही ठिकाणे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन निसर्गविज्ञान संग्रहालयात २०१०-११ मध्ये, तर व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात २०१९ मध्ये ही भित्ती होती. सर्वांत मोठी उपभित्ती जर्मनीतल्या बाडेन-बाडेन येथे २०२२ मध्ये फ्रीडर बुर्डा संग्रहालयासाठी उभी राहिली. तिच्यासाठी चार हजारांवर लोकांनी चाळीस हजारांवर प्रवाळ विणून पाठवले.

चाळीस हजार तुकडे नुसते एकत्र ओतले तर लोकरीचा ढीग होतो. म्हणून मांडणी हे वेगळेच कौशल्य ठरते. जाळी, फेस, लाकूड यांचे उंचवटे करून त्यांवर तुकडे रंगाने, आकाराने, दाटीने बसवले जातात. नवशिक्याचा ओबडधोबड गोळा आणि तीस वर्षे हात चालवलेल्या बाईचा नाजूक तुकडा शेजारी लागतात. ओबडधोबड गोळाही खपून जातो, कारण खऱ्या भित्तीतही सगळे सुबक नसते.

सगळे भाग रंगीबेरंगी नाहीत. एक भाग जवळजवळ पांढऱ्या आणि फिकट धाग्यांचा आहे. तो विरंजन झालेल्या भित्तीचा. दुसरा ‘टॉक्सिक रीफ’, म्हणजे विषारी भित्ती, प्लॅस्टिकचा. प्रशांत महासागरात तरंगणाऱ्या कचऱ्याच्या पट्ट्याविषयी वाचून भगिनींनी तो सुरू केला. यासाठी पिशवी आधी सपाट घडी करून आडवी कापतात. प्रत्येक कापाची एक कडी निघते. कड्या एकमेकींत अडकवत गेले की लांब दोरा तयार होतो. तो सुईवर सरकत नाही, करकरतो, बोटांना काचतो. लोकरीत तासाभरात होणारे काम यात रेंगाळते. याच्या जोडीला दोघींनी २००७ पासून चार वर्षे आपल्या घरातले सगळे प्लॅस्टिक फेकून न देता साठवले. बाटल्या, झाकणे, वेष्टने यांचा तो ढीग ‘मिडन’ या नावाने प्रदर्शनात मांडला जातो. झालरीच्या प्रवाळांचे कौतुक करून प्रेक्षक पुढे येतो तो या उकिरड्यासमोर, आणि ही योजना मुद्दाम केलेली आहे.

प्लॅस्टिक आणि प्रवाळ यांचा संबंध केवळ प्रतीकाचा नाही. आशिया-प्रशांत भागातल्या १५९ भित्तींवरचे सव्वा लाखाच्या आसपास प्रवाळ तपासून २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्लॅस्टिक अडकलेले नसेल तर प्रवाळाला रोग असण्याची शक्यता चार टक्के, अडकलेले असेल तर ८९ टक्के, असे त्यात आढळले. प्लॅस्टिकने प्रवाळाला जखमा होतात, प्रकाश अडतो आणि रोगजंतूंना आसरा मिळतो.

समुद्रातल्या कचऱ्याला धागा म्हणून वापरणारे दुसरे उदाहरण ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर टोकाशीच आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीतील एरब बेटावरचे मूलनिवासी कलावंत किनाऱ्यावर वाहून येणारी बेवारस मासेमारीची जाळी सोडवतात, उलगडतात आणि त्या दोरांतून कासवे, मासे, प्रवाळ घडवतात. अशी जाळी मालक नसतानाही कासवे आणि मासे पकडत राहतात, म्हणून त्यांना भुताळी जाळी म्हणतात. एरबची ही शिल्पे २०१६ मध्ये मोनाकोच्या सागरविज्ञान संग्रहालयातही लागली होती. शहरातल्या क्रोशेवालीसाठी भित्ती बहुधा छायाचित्रातच असते. या बेटकऱ्यांसाठी ती रोजच्या जेवणाची जागा आहे. दोन्ही कामांची तुलना करताना हा फरक विसरता येत नाही.

क्रोशाच्या भित्तीतले बहुसंख्य हात बायकांचे आहेत. जर्मनीच्या उत्तरेकडील फर बेटावर २०१२ मध्ये झालेली उपभित्ती सातशेहून अधिक बायकांनी विणली. घरात बसून केलेल्या या कामाला एरवी फावल्या वेळातला उद्योग म्हणून बाजूला ठेवले जाते. कलादालनात ते आले की त्याची किंमत कोण ठरवणार, हा प्रश्न निघतोच. प्रदर्शनात सहभागींची नावे यादीने लावली जातात, हे बरे. तरीही वृत्तपत्रांत नाव येते ते बहुतेक वेळा वर्थाइम भगिनींचेच. त्यांनी कल्पना, नियम आणि मांडणी दिली हे खरे. पण चार हजार लोकांचे तास एका नावाखाली जाणे सामूहिक कलेत नेहमीच अवघड जागेचे दुखणे असते. अमेरिकन अभ्यासक डॉना हॅरावे हिने २०१६ च्या आपल्या पुस्तकात या उपक्रमाची दखल घेतली ती मात्र या सामूहिकपणासाठीच.

आक्षेप आणखीही आहेत. स्वस्त लोकर म्हणून बाजारात मिळते ती पुष्कळदा अॅक्रिलिकची, म्हणजे प्लॅस्टिकचीच, आणि तिचे सूक्ष्म तंतू झडतात. समुद्र वाचवण्याच्या नावाने नवे कृत्रिम धागे विकत घेणे विसंगत आहे. म्हणून उरलेसुरले धागे, जुने स्वेटर उसवून काढलेली लोकर आणि टाकाऊ पिशव्या वापरणे जास्त सयुक्तिक. दुसरा आक्षेप परिणामाचा. प्रदर्शन पाहून किती लोकांची वागणूक बदलली हे मोजणे कठीण, आणि विणलेल्या तुकड्याने समुद्राचे तापमान अंशभरही उतरत नाही. हवामान बदलाच्या आंतरशासकीय समितीच्या २०१८ च्या अहवालानुसार जागतिक तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी उष्ण कटिबंधातल्या प्रवाळभित्ती ७० ते ९० टक्क्यांनी घटतील. दोन अंशांवर ९९ टक्क्यांहून अधिक जातील. हे आकडे इंधन आणि धोरण यांच्याशी बांधलेले आहेत, सुईशी नाही. विणकाम एवढेच करते की एरवी या विषयाकडे न वळलेल्या माणसाला काही आठवडे त्याच्या सोबत बसवते. पाच मिनिटांत वाचून विसरण्याच्या बातमीपेक्षा हा संपर्क दीर्घ असतो. त्याला कमी लेखू नये, आणि त्यावर जास्त भारही टाकू नये.

उपभित्ती समुद्रापासून दूरच्या ठिकाणीही झाल्या आहेत. २०२३ मध्ये लिंझ येथे ऑस्ट्रियाची उपभित्ती मांडली गेली. त्या देशाला समुद्रकिनाराच नाही. २०२४ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी कला संग्रहालयात स्थानिक भित्ती उभी राहिली, म्हणजे पहिल्या प्रदर्शनाच्या शहरात काम परत आले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासनाने चौथे जागतिक विरंजन जाहीर केले होते. २०२३ पासून त्या उष्णतेची झळ जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला लागली, आणि आधीच्या तीन जागतिक घटनांपैकी एकीचीही व्याप्ती एवढी नव्हती.